जड धातूंचा एक शनिवार

पहाटे ५:५०

ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्याच्या जेटीवर नाखवा आमच्याआधी येऊन बसलेले असतात. माघी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेत, म्हणजे उधाणाची ओहोटी. सव्वासातच्या सुमारास पाणी पार तळाला जाईल, एरवी बुडालेली चिखलाची पट्टी तासभर उघडी पडेल आणि तेवढ्यात आमचं काम उरकायला हवं. कांदळवन कक्षाचं परवानगीपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी गळ्यात अडकवते. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. इथून मूठभर गाळ न्यायचा तरी त्याची सरकारदरबारी नोंद लागते, आणि ते योग्यच आहे.

सामानात एकही लोखंडी वस्तू नाही. प्लास्टिकचे डाव, ॲक्रिलिकची पारदर्शक नळी, नायलॉनचा दोर, पॉलिथिनच्या पिशव्या. बाटल्या माझ्या विद्यार्थिनीनं दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून, ऊर्ध्वपातित पाण्यानं विसळून आणल्यात. गाळात शिसं किती, कॅडमियम किती हे दशलक्ष भागांच्या हिशोबात मोजायचं, तर फावड्याचा गंज किंवा हातातल्या बांगडीचा कणसुद्धा हिशोब बिघडवतो. म्हणून निघताना अंगठ्या, घड्याळं घरी.

७:१५

होडी लागते तिथून पुढे गुडघाभर चिखल. पायाखालून निवट्या टणाटण उड्या मारत बाजूला होतात. वरचा बोटभर थर तांबूस-करडा, त्याखाली काळाकुट्ट. त्या काळ्या थराला कुजक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. नव्या विद्यार्थ्यांना त्या वासानं मळमळतं, पण मी त्यांना तिथंच उभं करून समजावते, कारण आमच्या विषयातली एक फार महत्त्वाची गोष्ट त्या वासात आहे. ऑक्सिजन नसलेल्या या काळ्या गाळात सल्फाइड असतं. शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं त्याला घट्ट चिकटून राहतात आणि सहजी पाण्यात उतरत नाहीत. उद्या कुणी इथं ड्रेजर लावून गाळ वर काढला, तो हवेला लागला, की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि इतकी वर्षं अडकलेले धातू मोकळे होतात. खाडीचं खोलीकरण, पुलाचे खांब, भराव, असलं काहीही करण्यापूर्वी त्या जागचा गाळ तपासायला हवा, तो यासाठी.

ॲक्रिलिकची नळी हळूहळू दाबत चिखलात उतरवायची, वरून बूच घट्ट बसवायचं आणि अलगद उपसायची. आत गाळाचा उभा स्तंभ येतो. खालचा थर जुना, वरचा नवा. कुठला थर कोणत्या सालचा हे सांगायला शिसंच मदत करतं. हवेतल्या रेडॉनपासून तयार होणारं शिसं-२१० हे किरणोत्सारी समस्थानिक पावसाबरोबर खाली येऊन गाळात बसतं आणि सुमारे बावीस वर्षांत निम्मं होतं. कुठल्या थरात ते किती उरलंय यावरून गेल्या शंभरेक वर्षांचं कालमापन करता येतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी १९६०च्या दशकात उभी राहिली. भरती-ओहोटीनं आणि किड्यांनी फार ढवळलं नसेल, तर त्या दशकाचा थर या नळीत वीतभर खाली सापडायला हरकत नाही.

परतताना जेटीवर एक मावशी जाळं निवडत बसलेल्या. त्यांचा प्रश्न दरवेळी तोच: "दरसाल चिखल नेतंस. म्हावरा खावाचा का नाय, ता सांग ना."

मी त्यांच्याशेजारी बसून सांगते. पारा मिथिल रूपात गेला की छोट्या माशातून मोठ्यात, मोठ्यातून आणखी मोठ्यात असा चढत जातो, म्हणून दुसऱ्या माशांवर जगणारा मोठा मासा गरोदर बाईनं कमी खावा. शिसं आणि कॅडमियम तसे चढत नाहीत. ते माशाच्या मांसापेक्षा कल्ल्यांत, काळजात, आतड्यात जास्त साठतात, तेव्हा आतलं सगळं काढून टाकायचं. शिवल्या, कालवं पाणी गाळून जगतात, म्हणून नाल्याच्या तोंडाशी मिळालेली खाऊ नयेत. मावशी ऐकून घेतात. त्यांचं सगळं घर या खाडीवर जगलं आहे. एवढ्यानं त्यांचं समाधान होत नाही, आणि माझंही होत नाही.

८:४५

प्रयोगशाळेत परिचर मामांनी हॉटप्लेट लावून ठेवलीय. आणलेला गाळ तबकांत पसरून साठ अंश तापमानाच्या ओव्हनमध्ये जातो. पाऱ्यासाठीचे नमुने वेगळे, थंड ठेवायचे, कारण पारा उष्णतेनं उडून जातो. आजचा गाळ वाळायला दोन-तीन दिवस लागतील. आजचं पचन, म्हणजे ॲसिडमध्ये विरघळवणं, मागच्या खेपेच्या नमुन्यांचं: वाळवून, खलून, ६३ मायक्रॉनच्या नायलॉनच्या चाळणीतून चाळलेले. एवढा बारीक चाळतो कारण धातू चिकटतात ते चिकणमातीच्या बारीक कणांना. वाळू भरमसाट असलेला नमुना तसाच मोजला, तर घाण जागाही स्वच्छ दिसते.

१०:००

आम्लराज. एक भाग नायट्रिक, तीन भाग हायड्रोक्लोरिक. फ्यूम हूडच्या काचेआड नारिंगी वाफा उठतात. विद्यार्थिनी गॉगल, हातमोजे, एप्रन घालून एकेका टेफ्लॉनच्या भांड्यात वजन केलेला गाळ सोडते. त्या रांगेतली दोन भांडी मला सगळ्यांत मोलाची. एकात गाळच नाही, नुसतं ॲसिड: तो ब्लँक. दुसऱ्यात प्रमाणित संदर्भ-गाळ. त्यातल्या धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक असतं. ब्लँकमध्ये शिसं दिसलं तर ते आमच्या भांड्यांतून, हवेतून, हातांतून आलेलं. संदर्भ-गाळाचं उत्तर चुकलं तर बाकीची सगळी उत्तरं रद्द.

ही शिस्त जगाला ज्यानं शिकवली त्या क्लेअर पॅटरसनची गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगते. अशनीतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढायचं हे त्याचं काम. पण जिथं पाहावं तिथं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त शिसं. नळाच्या पाण्यात, धुळीत, त्याच्या स्वतःच्या केसांत. त्यानं प्रयोगशाळा घासूनपुसून, हवा गाळून, कणाकणानं स्वच्छ केली आणि १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं हे वय छापलं. ते आजही मान्य आहे. मग त्यानं विचारलं, हे एवढं शिसं आलं कुठून? थॉमस मिजलीनं १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायची युक्ती काढली होती आणि गाड्यांच्या धुरातून ते जगभर पसरलं होतं. शिशाच्या उद्योगाशी पॅटरसन पुढची कितीतरी वर्षं भांडत राहिला. आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, जगातला शेवटचा पंप २०२१ मध्ये अल्जीरियात बंद झाला. रिकाम्या भांड्याकडे इतक्या गांभीर्यानं पाहणाऱ्या माणसामुळे कोट्यवधी मुलांच्या रक्तातलं शिसं उतरलं. ब्लँकला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याला मला एवढंच सांगायचं असतं.

११:४०

पचन चालू असताना मागचे आकडे. विद्यार्थिनीनं तांब्याच्या रकान्यात सगळीकडे लाल रंग भरलाय. तिनं तुलना केली जगभर वापरल्या जाणाऱ्या सरासरी शेल खडकाशी: तांबं ४५ पीपीएम, शिसं २०. हे आकडे १९६१ चे, ट्यूरेकियन आणि वेडेपोल या दोघांनी संकलित केलेले. पण आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. त्यात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच भरपूर. सह्याद्री आणि पारसिकचे डोंगर झिजून जी माती खाडीत येते ती हे धातू घेऊनच येते. शेलच्या फुटपट्टीनं मोजलं तर इथला निर्मळ ओढासुद्धा प्रदूषित ठरेल, आणि खरा दोषी कारखाना 'सगळीकडेच असं आहे' म्हणत सुटेल. म्हणून प्रत्येक धातूचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढायचं आणि तुलना करायची ती इथल्याच जुन्या, उद्योगपूर्व थराशी. स्तंभाच्या तळाचे नमुने त्यासाठीच. शिशाचं मात्र तसं नाही. बेसॉल्टमध्ये शिसं फारच थोडं. गाळात ते वाढलेलं दिसलं तर डोंगराकडे बोट दाखवायची सोय नाही.

१:१५

डबा खायला समाजशास्त्राचा संशोधक येतो. मुंबई-ठाण्यातल्या हेवी मेटल बँडांवर पीएचडी करणारा तरुण. ग्रंथालयाच्या संगणकात विषय टाकला की त्याला माझ्या विषयाचे शोधनिबंध येतात आणि माझ्या विद्यार्थ्यांना त्याच्या. ओळख अशी झाली, आणि आता शनिवारचा डबा एकत्र असतो. त्याच्या आईच्या हातचं अळूचं फदफदं मला फार आवडतं.

आज तो बर्मिंगहॅमबद्दल बोलतोय. हा भाग मी त्याला पुन्हापुन्हा सांगायला लावते, कारण माझ्या मते दोन्ही संशोधनांचा सांधा इथंच आहे.

इंग्लंडमधलं हे शहर धातूचं. पितळ, पोलाद, पत्रा, मोटारींचे भाग. त्यातला ॲस्टन हा कामगारवस्तीचा भाग. टोनी आयोमी नावाचा मुलगा तिथं पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. वय १७. नोकरीचा शेवटचा दिवस, कारण तो बँडबरोबर दौऱ्यावर निघणार होता. प्रेस चालवणारा माणूस आला नाही म्हणून आयोमीला तिथं उभं केलं. प्रेस उजव्या हातावर आली आणि मधल्या आणि अनामिका बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा. डॉक्टर म्हणाले, आता विसर. कारखान्यातल्या त्याच्या साहेबानं त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची. १९२८ मध्ये गाडीला लागलेल्या आगीत या जिप्सी गिटारवादकाच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर तो जगातला थोर वादक झाला. आयोमीनं भांडी घासायच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं. तारा बोचू नयेत म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे त्या आणखी सैल हव्यात म्हणून सूरच उतरवले. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बममध्ये तीन अर्धस्वर खाली. आज जगभरातले मेटल बँड ज्या खर्जात वाजवतात, त्याची सुरुवात एका यंत्राखाली सापडलेल्या हातापासून होते.

"आणि मॅडम, ऑझी ऑस्बॉर्न कारखान्यात मोटारींचे हॉर्न जुळवायचा," तो सांगतो. "दिवसभर हॉर्न. कत्तलखान्यातही काम केलं त्यानं. जूडास प्रीस्टचा ग्लेन टिप्टन तर ब्रिटिश स्टीलमध्ये उमेदवारी करत होता. 'ब्रिटिश स्टील' हा त्यांचा १९८० चा अल्बम."

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा. त्यातल्या बँडच्याच नावाच्या गाण्याचा मुख्य तुकडा तीन सुरांचा: सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. मी यमन ऐकत वाढले. संध्याकाळी घरात तीव्र मध्यम लागला की मन निवायचं. हाच मध्यम त्या गाण्यात षड्जासमोर एकटा उभा केलाय, भोवती ना गंधार ना पंचम, आणि ऐकताना अंगावर काटा येतो. सुराचं सगळं नातं शेजाऱ्यांशी असतं हे मला त्या गाण्यानं नव्यानं कळलं.

या संगीताचा अभ्यास करणारे आता थोडेथोडके नाहीत. डीना वाइनस्टाइन यांचं समाजशास्त्रीय पुस्तक १९९१ चं, रॉबर्ट वॉल्सर यांचं संगीतशास्त्रीय १९९३ चं. २००८ मध्ये साल्झबर्गला, मोझार्टच्या जन्मगावी, या विषयाची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आता त्यांची स्वतंत्र संस्था आहे, 'मेटल म्युझिक स्टडीज' नावाचं नियतकालिक आहे. सुरुवातीला या लोकांना फार हिणवलं गेलं, हाही काय अभ्यासाचा विषय म्हणून. मला त्यांच्या बाजूनं एकच म्हणायचंय: लाखो कामगारांच्या मुलांनी पन्नास वर्षं जे संगीत स्वतःचं मानलं, ते समजून न घेता औद्योगिक समाज समजला असं म्हणणं धाडसाचं आहे.

मग मी त्याला माझ्या कपाटातला एक निबंध दाखवते. २००३ चा, बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीच्या रस्त्यांवरच्या धुळीतल्या जड धातूंचा. शहर तेच. धातूही तेच, जे तिथल्या भट्ट्यांतून, पत्र्यातून, गाड्यांतून आले. एकानं तिथली धूळ मोजली, दुसऱ्यानं तिथलं गाणं. दोघांची कपाटं वेगळी, परिषदा वेगळ्या, परीक्षक वेगळे. धूळ मोजणाऱ्याच्या तक्त्यात माणूस नाही आणि गाणं अभ्यासणाऱ्याच्या पुस्तकात धूळ नाही. ती धूळ मात्र त्याच माणसाच्या छातीत गेली होती ज्यानं ते गाणं रचलं.

डबा तसाच राहतो. मामा येऊन सांगतात, "मॅडम, प्लेट बंद केली. गार होतंय."

२:४५

ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्र. हे १९५५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ॲलन वॉल्श यांनी प्रत्यक्षात आणलं. तत्त्व इतकं देखणं आहे की शिकवताना मला आजही उत्साह येतो. शिसं मोजायचं तर शिशाचाच दिवा लावायचा. त्यातून शिशाच्या अणूचा खास प्रकाश निघतो, २८३.३ नॅनोमीटरचा. समोर हवा-ॲसिटिलीनची निळी ज्योत. गाळाचा अर्क बारीक तुषार होऊन ज्योतीत जातो, तिथं शिशाचे अणू सुटे होतात आणि तो प्रकाश ओळखून शोषून घेतात. किती प्रकाश गळाला यावरून किती शिसं. कॅडमियमला कॅडमियमचा दिवा, २२८.८.

आधी प्रमाणित द्रावणं, मग ब्लँक, मग संदर्भ-गाळ, मग नमुने, दर दहा नमुन्यांनी पुन्हा एक प्रमाणित. ब्लँक आज शून्याला टेकून आहे. तांबं वरचढ, अपेक्षेप्रमाणे. शिशाच्या रकान्यात स्तंभाचे तळाचे थर शांत, वर येताना चढ. पेट्रोलमधलं शिसं बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी सर्वांत वरचा थर पुरेसा उतरलेला दिसत नाही. एकाच स्तंभावरून मी काहीही म्हणणार नाही. पण शंका घ्यायची जागा आहे: जुन्या बॅटऱ्या फोडणं, जुने रंग, भंगार. रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे, मात्र त्याआधी रंगवलेल्या भिंती आणि खिडक्या अजून उभ्या आहेत आणि खरवडल्या जात आहेत.

४:३०

विद्यार्थिनीचा मसुदा. निर्देशांकांचे तक्ते छान, म्युलरचा १९६९ चा भूसंचय निर्देशांक प्रत्येक ठिकाणासाठी काढलाय, नकाशाला रंग दिलेत. मी तिला म्हणते, एवढ्यावर थांबू नकोस. एकूण शिसं किती यापेक्षा त्यातलं सुटं होऊ शकणारं किती, हे टेसिएच्या १९७९ च्या पद्धतीनं पाच टप्प्यांत काढ. सहज सुटणारं, कार्बोनेटमधलं, लोह-मँगनीजच्या गंजात बसलेलं, सेंद्रिय पदार्थात आणि सल्फाइडात बांधलेलं, आणि खनिजाच्या आत कायमचं बंद. जेटीवरच्या मावशींना पहिल्या दोन खणांशी कर्तव्य आहे. सोप्या भाषेत त्यांना देता येईल असं एक पानही लिही, मराठीत, कोळीवाड्यात लावायला. ती मान हलवते आणि विचारते की याचे गुण मिळतात का. मिळत नाहीत. तरी लिही.

६:१०

रबाळ्याहून ठाणे लोकल. गाडीच्या एका अंगाला खाडीकडची वस्ती, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीच्या शेड्स आणि त्यांच्या मागे पारसिकचा डोंगर. दुसरी पाळी सुटायला अजून वेळ आहे, डब्यात गर्दी कमी. ऐरोली, दिघा गाव, ठाणे.

७:००

छोटासा हॉल. बँड साउंडचेक करतोय. समाजशास्त्राचा संशोधक वहीत नोंदी घेत कोपऱ्यात. गिटारवाला दोन तारा एकत्र छेडतो, ॲम्प्लिफायर फुटायच्या बेतात, आणि मला माझ्या तानपुऱ्याची आठवण येते: सा आणि प. मेटलचा पॉवर कॉर्ड म्हणजे हेच दोन सूर. त्यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. आवाज मुद्दाम विस्कटवला की दोन्हींच्या फरकाचा, म्हणजे एकचा, तिसरा सूर आपोआप उमटतो, मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. कुणीही न छेडलेला तो खर्ज छातीला जाणवतो. वॉल्सर यांच्या पुस्तकात या संगीतातल्या शक्तीच्या जाणिवेचं एक कारण म्हणून हा सूर येतो, आणि मला ते पटतं.

स्टेजमागे एक मुलगा केबलला सोल्डर मारतोय. एका हातात गन, दातात तारेचं टोक, शेजारी कागदात वडापाव. ती साठ-चाळीसची तार: साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. मी त्याच्याजवळ बसते.

"दादा, तार तोंडात धरू नकोस. आणि खाण्याआधी हात साबणानं धू."

"धूर नाकात जातो तोच वाईट ना, मॅडम?"

धूर वाईटच, पण तो मुख्यतः राळेचा. गनच्या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होत नाही. शिसं जातं ते बोटांवरून तोंडात. एकदा आत गेलं की शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत ठेवतं. रक्तात ते महिन्याभरात निम्मं होतं, हाडांत वर्षानुवर्षं राहतं. घरी लहान मूल असेल तर कपडेही वेगळे धुवावेत, कारण मुलांसाठी शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलगा ऐकतो, उठतो, हात धुऊन येतो. त्याची पहिली मुलगी आठ महिन्यांची आहे. जगात शिशाविना सोल्डर मिळतं, थोडं जास्त तापवावं लागतं, हे मी त्याला वहीच्या कागदावर लिहून देते.

८:१५

सुरू. मी ध्वनिमापक घेऊन मागच्या भिंतीशी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा दिलीय: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको. माझ्या कानांत बोळे आहेत, संशोधकाच्याही. समोरच्या रांगेतल्या मुलांच्या नाहीत, आणि हे मला सलतं. कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. ज्यांचं या आवाजावर इतकं प्रेम आहे त्यांनी तो म्हातारपणीही ऐकावा म्हणून तरी दारातच बोळे वाटायला हवेत.

मध्यभागी मोकळं वर्तुळ होतं आणि मुलं एकमेकांवर आदळू लागतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही मारामारी वाटते. कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा मॉश पिटच्या चित्रफिती तपासून २०१३ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये निबंध छापला: त्या गर्दीतल्या माणसांच्या वेगांची विभागणी द्विमितीय वायूच्या रेणूंसारखी निघते. गणित त्यांनी मांडलं. मला इथं उभं राहून आणखी एक दिसतं. एक मुलगा पडतो आणि क्षणार्धात चौघं त्याच्याभोवती कडं करतात, त्याला उचलतात, चष्मा शोधून देतात, मग पुन्हा धडाधड. हा इथला अलिखित कायदा आहे. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या दोघींनी २०१५ मध्ये अतितीव्र संगीत ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी चिडवून मग त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवलं. त्यांचा राग भडकला नाही. तो त्यांना पेलता आला.

मुंबईत या संगीताचं वय बरंच आहे. धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक गाजायचा. भोवती रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे शांतताक्षेत्राच्या नियमात ती खुली जागा कार्यक्रमांना मुकली. तरीही २००० मध्ये निघालेला डेमॉनिक रिझरेक्शन, २००३ मधला भयानक मौत असे बँड उभे राहिले. डेमॉनिक रिझरेक्शनचा २०१७ चा 'दशावतार' अल्बम विष्णूच्या एकेका अवतारावर आहे. कोकणातल्या दशावताराच्या रात्री ज्यांनी पाहिल्यात त्यांना संकासुराची आरोळी ऐकून या गायनाची तशी भीती वाटणार नाही.

१०:२०

ठाणे स्टेशनाबाहेर चहा. संशोधक उद्याच्या मुलाखतीची प्रश्नावली दाखवतो. उद्या भेटायचंय ते घणसोलीतल्या एका ड्रमरला. प्रश्न नीट आहेत: पहिलं गाणं कोणतं ऐकलं, घरचे काय म्हणाले, सराव कुठं करता, पैसे कुठून येतात, मुली बँडमध्ये का कमी. मी वाचून कागद परत देते.

"एक घालशील? त्याचे आईवडील कुठं काम करायचे, कुठल्या खात्यात, कशाचं उत्पादन व्हायचं, सुट्टीच्या दिवशी ते खाडीवर मासे आणायला जायचे का."

"हे तुमच्या अभ्यासासाठी, मॅडम?"

"दोघांच्या. एमआयडीसीतल्या कामगारांच्या मुलांनी हा आवाज का निवडला हे तुला हवंय. त्या कामगारांनी काय हाताळलं, काय श्वासातून घेतलं आणि काय खाल्लं हे मला हवंय. माझ्या नळीतला १९८० चा थर ज्या कारखान्यातून आला, तिथं उभा असलेला माणूस कदाचित उद्या त्या घरात तुला चहा देईल. त्याला विचारायला माझ्याकडे यंत्र नाही."

तो पेन काढतो. प्रश्न यादीच्या शेवटी लिहितो, मग खोडून दुसऱ्या क्रमांकावर घेतो, आणि शेजारी कंसात माझ्यासाठी नोंद करतो: कारखान्याचं वर्ष विचारणे, खात्याचं नाव विचारणे, परवानगी असेल तर वडिलांशी वेगळं बोलणे.